निजण्याची खोली अंधारात पारखून सजवावी

निजण्याची खोली सजवायची ठरली की आपण दिवसाउजेडी दारात उभे राहून तिच्याकडे पाहतो. भिंतींचा रंग पडद्यांना शोभतो का, पलंग कपाटाशी जुळतो का, कोपऱ्यात एखादी कुंडी बरी दिसेल का, असा विचार सुरू होतो. मात्र या खोलीचा खरा वापर रात्री, दिवे मालवून, आडवे पडून होतो, आणि त्या वेळी खोली कशी असते हे आपण क्वचितच जाणीवपूर्वक पाहिलेले असते. म्हणून रंगाचे नमुने आणण्याआधी एक रात्र खोलीची पाहणी करण्यासाठी राखून ठेवावी, असा माझा आग्रह आहे.

नेहमीच्या वेळी अंथरुणावर पडावे, सर्व दिवे मालवावेत आणि अर्धा तास जागे राहावे. डोळ्यांना अंधाराची पुरेशी सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात, त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांत काळोखी वाटणारी खोली हळूहळू उजळू लागते. एसीच्या स्टॅबिलायझरवरचा हिरवा ठिपका, दाराखालच्या फटीतून येणारा जिन्यातील दिव्याचा पट्टा, पडद्याच्या दोन्ही कडांनी भिंतीवर उतरणारा रस्त्यावरचा उजेड आणि कपाटाच्या आरशात त्याच उजेडाचे पडलेले दुसरे प्रतिबिंब या गोष्टी तेव्हाच दिसतात. याच वेळी पंख्याची टकटक ऐकू येते, स्वयंपाकघरातील फ्रिजची घरघर भिंतीतून जाणवते आणि गादीचा कोणता भाग खोलगट झाला आहे हे पाठीला कळते. उशाशी कागद ठेवून हे सर्व टिपून घ्यावे. पुण्यातील आमच्या दहा बाय अकरा फुटांच्या, पश्चिमेकडे खिडकी असलेल्या खोलीत अशी यादी केली तेव्हा तिच्यात नऊ नोंदी झाल्या, आणि त्यांपैकी एकही रंगाविषयी नव्हती.

यादीत उजेडाच्या नोंदी सर्वांत जास्त निघतात आणि त्यांनाच पहिला मान द्यावा. अंधार पडू लागला की मेंदूतील पिनियल ग्रंथी मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते, आणि रात्र झाली असा निरोप शरीराला मिळतो. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्यांचे मुख्य काम वस्तू दाखवण्याचे नसून आसपास दिवस आहे की रात्र हे मेंदूला कळवण्याचे असते; त्या सुमारे 480 नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळसर प्रकाशाने सर्वाधिक उद्दीपित होतात. पेशींच्या आत चालणाऱ्या या दैनंदिन घड्याळाची यंत्रणा उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना 2017 साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या घरापुरता याचा अर्थ असा की रात्री दहा वाजता डोक्यावर जळणारी पांढरीशुभ्र ट्यूबलाइट शरीराला दिवस अजून मावळला नसल्याचे सांगत असते.

त्यामुळे खोलीत प्रकाशाच्या दोन वेगळ्या सोयी असाव्यात. केर काढणे, कपडे लावणे, हरवलेली वस्तू शोधणे यांसाठी छताजवळचा पांढरा दिवा खुशाल ठेवावा. त्याच्या खोक्यावर बहुधा 6500 के असे लिहिलेले असते; के म्हणजे केल्विन, उजेडाची छटा सांगणारे माप. संध्याकाळनंतर मात्र 2700 के असलेला पिवळसर, तीन ते पाच वॉटचा एलईडी दिवा लावावा, त्याला कापडी किंवा कागदी आच्छादन असावे आणि तो पलंगावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीपेक्षा खाली असावा, म्हणजे उजेड पुस्तकावर पडतो आणि थेट डोळ्यांत शिरत नाही. खोलीला रंग देण्याचे काम निघणार असेल, तर त्याआधीच इलेक्ट्रिशियनकडून दाराजवळ आणि उशाशी असे टू-वे स्विच बसवून घ्यावेत. दिवा मालवण्यासाठी अंथरुणातून उठावे लागले की आलेली झोप उडते.

आपल्याकडे अनेक घरांत रात्रभर हिरवा किंवा निळा झिरोचा बल्ब लावून झोपण्याची पद्धत आहे. लहान मूल उठले किंवा वडीलधाऱ्यांना बाथरूमला जावे लागले तर अडखळायला नको, हा तिच्यामागचा हेतू अगदी योग्य आहे, परंतु तो दिवा भिंतीवर उंच असल्याने सर्वांच्या चेहऱ्यावर उजेड टाकत राहतो. तोच हेतू जमिनीपासून एक फुटावर बसवलेल्या मंद तांबूस दिव्याने अधिक चांगला साधतो, कारण त्याचा उजेड नेमका जिथे पाऊल पडायचे तिथे पडतो. हालचाल झाली की आपोआप लागणारे असे छोटे दिवे बाजारात मिळतात. माझ्या वडिलांच्या पलंगापासून बाथरूमच्या उंबरठ्यापर्यंत आम्ही असे दोन दिवे लावले आणि वाटेतील पायपुसणे काढून टाकले. वृद्धांच्या खोलीत निसटणारे पायपुसणे हा अंधारापेक्षाही मोठा धोका आहे. स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर, चार्जर यांच्यावरचे ठिपके काळ्या इन्सुलेशन टेपच्या छोट्या तुकड्याने झाकता येतात; टेप फक्त दिव्यावर लावावी, हवा जाण्याच्या जाळीवर लावू नये. दाराखालच्या फटीसाठी रबराची पट्टी मिळते, आणि ती मिळेपर्यंत जुन्या चादरीची गुंडाळी पुरते.

पडद्यांच्या बाबतीत बहुतेकांची फसगत होते ती कापडाच्या निवडीत नसून मापात. खिडकी चार फूट रुंद असली की रॉडही चार फुटांचाच घेतला जातो, आणि मग कापड कितीही जाड असले तरी दोन्ही कडांनी उजेड आत येतो. रॉड खिडकीच्या दोन्ही बाजूंना किमान सहा ते आठ इंच पुढे जाईल आणि चौकटीच्या वर सहा इंचांवर बसेल इतका लांब असावा. पडद्याला चुण्या नीट पडण्यासाठी कापडाची एकूण रुंदी रॉडच्या लांबीच्या दुप्पट धरावी. चार फुटांच्या खिडकीसाठी रॉड सव्वापाच फुटांच्या आसपास होतो, म्हणजे कापड साडेदहा फूट रुंद हवे. 48 इंच पन्ह्याच्या कापडाचे तीन पन्हे घेतले की दुमडीसकट हे माप बसते. शिंपी पन्हे वाचवण्यासाठी दोनच सुचवतो. तिथे काटकसर करू नये, कारण ताणून बसवलेला पडदा मधोमध उघडा पडतो. उंची चौकटीच्या खाली सहा-आठ इंच तरी उतरावी, आणि जागा असेल तर जमिनीपासून अर्धा इंच वर राहील इतकी ठेवावी.

पडद्याचा रंग गडद असलाच पाहिजे असे नाही. अंधार करण्याचे काम अस्तराकडे सोपवावे आणि दर्शनी कापड आपल्या आवडीचे, अगदी फिकट सुतीही घ्यावे. उजेड अडवणारे ब्लॅकआउट अस्तर पडद्याला शिवून टाकण्याऐवजी वेगळ्या हुकांवर किंवा वेल्क्रोवर लावून घ्यावे, कारण त्याच्या पाठीवरचा थर वारंवार पिळून धुतल्याने सुटू लागतो, तर दर्शनी पडदा नेहमी धुवावा लागतो. रॉडच्या वरून छताकडे उजेडाची पट्टी पडत असेल, तर सुताराकडून साधा प्लायवुडचा पेल्मेट, म्हणजे रॉड झाकणारी आडवी फळी, करून घ्यावा. आमच्या खिडकीसमोरच विजेचा खांब आहे. पेल्मेट लावल्यानंतर छतावर पसरणारा त्याचा पंखाकृती उजेड पूर्ण नाहीसा झाला, आणि मला त्या एका फळीचा जेवढा उपयोग झाला तेवढा महागड्या कापडाचा झाला नसता. पूर्ण अंधाराला एक जोड मात्र आवश्यक आहे. सकाळी जाग येताच पडदा सारून उजेड आत घ्यावा, कारण शरीराचे घड्याळ सकाळच्या प्रकाशानेच जुळते, आणि तो मिळाला नाही तर रात्रीची झोपही पुढे सरकत जाते.

उजेडानंतर उष्णतेचा विचार करावा. झोप लागताना शरीराचे आतले तापमान हळूहळू उतरते आणि रात्रभरात ते सुमारे एक अंशाने कमी होते. खोली तापलेली असेल तर ही उतरण अडखळते. पश्चिमेची भिंत आणि वरच्या मजल्यावरचा स्लॅब दिवसभर ऊन पितात आणि मध्यरात्रीपर्यंत ती ऊब खोलीत सोडत राहतात, त्यामुळे उपाय दुपारीच करावा लागतो. दुपारी एकपासून पश्चिमेच्या खिडकीचा पडदा ओढून घ्यावा, आणि शक्य असल्यास खिडकीच्या बाहेरून बांबूची चिक सोडावी, कारण काचेच्या आत शिरलेल्या उन्हापेक्षा बाहेरच अडवलेले ऊन कितीतरी कमी तापवते. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी सोसायटीची परवानगी घेऊन उन्हाळ्यापूर्वी गच्चीला पांढऱ्या चुन्याचा हात द्यावा. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याचे ताटवे आणि कूलर उत्तम काम करतात. कोकणात आणि मुंबईत हवेतच ओलावा असल्याने कूलरने चिकचिक वाढते, तिथे वाहती हवा हाच आधार असतो.

वाहत्या हवेसाठी छताचा पंखा पलंगाच्या मधोमध यावा, अशा बेताने पलंग ठेवावा; पंख्याचा हुक हलवणे कठीण असते, पलंग हलवणे सोपे. टकटक ऐकू येत असेल तर पात्यांचे स्क्रू, दांड्याचा बोल्ट आणि वरची वाटी तपासून घ्यावी. मंद गतीवर पंखा गुणगुणत असेल, तर दोष बहुधा फिरवत जाण्याच्या रेग्युलेटरचा असतो, आणि त्याजागी टप्प्याटप्प्याने फिरणारा रेग्युलेटर बसवला की आवाज बराच कमी होतो. साधा पंखा सुमारे 75 वॉट वीज घेतो, तर बीएलडीसी म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरचा सुमारे 30 वॉट. जिथे रात्री वीज जाते तिथे हा पंखा इन्व्हर्टरवर दुपटीहून अधिक वेळ चालतो. एसी असेल तर त्याचा झोत थेट डोक्यावर किंवा पायांवर येऊ देऊ नये आणि तापमान 24 ते 26 अंशांवर ठेवून पंखा मंद चालवावा. घरगुती एसी सुरू होताना 24 अंशांवर असावा असा नियम 2020 पासून लागू आहे, आणि झोपेच्या दृष्टीनेही तो आकडा अगदी सोयीचा आहे. रात्री खिडकी उघडी ठेवायची असेल तर डासांची जाळी हवी. खोली बंद करून कॉइल जाळण्यापेक्षा पलंगावर मच्छरदाणी लावणे मला कधीही श्रेयस्कर वाटते. तिच्या कडा गादीखाली नीट खोचाव्यात आणि आत हवा कमी लागते म्हणून पंखा एक टप्पा वाढवावा.

अंथरुणाविषयी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण आहे आणि ते टाकून देऊ नये. कापसाची गादी घाम शोषते, तिच्यातून हवा खेळते आणि दर दोन-तीन वर्षांनी पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घेतला की ती पुन्हा नवी होते. तिचा दोष असा की ती मधोमध बसते, आणि कंबरदुखी असलेल्यांना तो खड्डा त्रास देतो; त्यांच्यासाठी काथ्याचा थर असलेली घट्ट गादी आणि वर पातळ कापसाची गादी ही जोडी सोयीची ठरते. नुसत्या जाड फोमची गादी दुकानात दहा मिनिटे पडून सुखद वाटते, पण दमट हवेत ती अंगाची ऊब धरून ठेवते. गादी घेताना कुशीवर वळून किमान पंधरा मिनिटे पडून पाहावे. उशी इतकीच उंच असावी की कुशीवर झोपल्यावर नाक आणि छातीचा मध्य एका रेषेत येईल. चादरी आणि अभ्रे सुती असावेत, फार भडक नक्षी नसलेले असावेत, आणि दर आठवड्याला बदलावेत. पांघरायला आईच्या जुन्या साड्यांची गोधडी असेल तर तिच्याइतके मऊ दुसरे काही नाही. अनेकदा धुतलेले ते सुती कापड अंगाला चिकटत नाही, आणि तिच्यावरच्या हाताच्या टाक्यांमुळे थर सरकत नाहीत. थंडीसाठी वरून सोलापुरी चादर घ्यावी. दोघांच्या पलंगावर दोन वेगळी पांघरुणे ठेवावीत, म्हणजे एकाच्या कूस बदलण्याने दुसऱ्याची झोप मोडत नाही.

आवाजाबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. जाड पडद्यांनी खोलीतला घुमारा कमी होतो, परंतु रस्त्यावरचा हॉर्न कापडाने थांबत नाही. जिथून हवा येते तिथून आवाज येतो, म्हणून सरकत्या खिडक्यांच्या खाचांमधील झिजलेली लोकरी पट्टी बदलणे हा सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे. शेजारच्या घराच्या भिंतीला पलंगाचे डोके लावण्याऐवजी तिथे कपड्यांनी भरलेले कपाट ठेवावे. निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबलची मर्यादा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी घालून दिलेली आहे, तेव्हा शेजारचा आवाज नित्याचाच झाला असेल तर तक्रार करण्यात संकोच बाळगू नये.

भिंतींचा रंग फिकट आणि विना-चकाकीचा घ्यावा. चकचकीत रंगावर दिव्याचा प्रत्येक ठिपका परावर्तित होतो. कोणत्या छटेने झोप लागते याविषयी बरेच सांगितले जाते; माझ्या मते घरातील माणसाला डोळ्यांसमोर जी छटा शांत वाटते तीच योग्य, मग ती मातकट असो वा फिकट हिरवी. आवडीची चित्रे डोक्यामागच्या भिंतीवर लावावीत आणि पलंगावरून समोर दिसणारी भिंत मोकळी ठेवावी. उत्तरेकडे डोके करून झोपू नये ही रूढी अनेक घरांत पाळली जाते. खोलीच्या मापात बसत असेल तर ती जरूर पाळावी, मात्र त्यासाठी डोके थेट खिडकीखाली किंवा एसीच्या झोतात येत नाही ना, हे पाहावे. पलंगासमोर आरसा नको असे मोठी माणसे सांगतात, आणि रात्रीच्या पाहणीत त्यातला परावर्तित उजेड दिसला की ते बोलणे पटते.

पसारा हा विषय छोटा वाटला तरी छोटा नाही. जवळपास प्रत्येक खोलीत एक खुर्ची असते जिच्यावर एकदा घातलेले, पण धुवायला न टाकलेले कपडे साठत जातात. ती खुर्ची बाहेर काढावी आणि दारामागे चार खुंट्या ठोकाव्यात. घरूनच ऑफिसचे काम करणाऱ्यांनी टेबलाकडे पाठ होईल असा पलंग ठेवावा, आणि काम संपल्यावर लॅपटॉपवर एखादे धुतलेले उपरणे किंवा सुती कापड झाकावे. काम दिवसापुरते मिटले असे मनाला सांगण्याची ती साधी खूण आहे. मोबाइल रात्री बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावावा आणि उशाशी गजराचे साधे घड्याळ ठेवावे, ज्याचे आकडे चमकत नाहीत आणि काटा वाजत नाही.

स्वतंत्र बेडरूम असणे हे आजही अनेक मराठी घरांत गृहीत धरता येत नाही. एकाच खोलीत स्वयंपाक, अभ्यास, टीव्ही आणि झोप असे सारे होत असेल, तर जागेपेक्षा वेळ वाटून घ्यावी. रात्री ठरलेल्या वेळी मोठा दिवा मालवून छोटा पिवळा दिवा लावावा, टीव्ही बंद करावा, जमीन ओल्या फडक्याने पुसावी आणि मगच अंथरुणे घालावीत. उशिरा अभ्यास करणाऱ्या मुलाच्या टेबलाभोवती छताला तार ताणून अस्तराचा पडदा सोडला, तर त्याचा दिवा इतरांच्या डोळ्यांवर येत नाही. सकाळी गाद्या गुंडाळून ठेवण्याची पद्धत खोलीला दिवसाचे रूप परत देते, आणि गाद्यांखालची जमीनही कोरडी राहते.

खोली कितीही नीट लावली तरी आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप येत नाही आणि असे तीन महिने चालले आहे, किंवा मोठ्या घोरण्यात मधूनच श्वास थांबतो, अशी स्थिती असेल तर डॉक्टरांकडे जाण्यात दिरंगाई करू नये. तो त्रास पडद्यांनी बरा होणारा नाही.

वास या गोष्टीकडे सजावटीत फारसे कोणी पाहत नाही. बंद खोलीत उदबत्ती किंवा धूप जाळून झोपू नये. देवापुढे लावलेल्या उदबत्तीचा धूर खिडकी उघडून जाऊ द्यावा. उन्हाळ्यात वाटीभर पाण्यात मोगऱ्याची चार फुले पुरेशी आहेत, अर्थात घरात कोणाला दम्याचा त्रास नसेल तर. कुंड्या एखाद-दुसरीच ठेवावी, कारण पावसाळ्यात ओल्या मातीला बुरशी धरते. पलंगाच्या बॉक्समधील गोधड्यांत डांबराच्या गोळ्या टाकल्या की तो उग्र वास गादीतून रात्रभर येतो. त्याऐवजी वाळलेला कडुलिंबाचा पाला किंवा वेखंडाचे तुकडे सुती पुरचुंडीत बांधून ठेवावेत.

या सर्व मांडणीची वर्षातून एकदा, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, मोठी डागडुजी करावी, कारण पाऊस सुरू झाला की चार महिने गाद्यांना ऊन मिळत नाही. गाद्या आणि उशा सलग दोन दिवस गच्चीत घालाव्यात, दुपारी उलटाव्यात, काठीने झोडपून धूळ काढावी आणि ऊन कलण्याआधी आत आणून पूर्ण थंड झाल्यावरच अंथराव्यात. पलंगाचा बॉक्स रिकामा करून पुसावा आणि भिंतीपासून तीन-चार इंच पुढे ओढावा, म्हणजे ओल आली तरी ती लाकडात उतरत नाही. दर्शनी पडदे धुऊन सावलीत वाळवावेत आणि किंचित दमट असतानाच रॉडवर चढवावेत. कापडाच्या वजनाने चुरगळलेला भाग आपोआप सरळ होतो. त्याच रात्री पुन्हा दिवे मालवून, कागद उशाशी घेऊन अर्धा तास पडावे. आमच्या दुसऱ्या यादीत दोनच नोंदी होत्या: खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात अस्तराचा सुटलेला हुक आणि जिन्यातील दिवा.